गांजा लावायला परवानगी मागता येते का? मोहोळचा अर्ज आणि कायदा

संगमनेर : पिकाला भाव नाही, कारखान्याकडून उसाचं बिल वेळेवर नाही, मग गांजा तरी लावू द्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१मध्ये थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांसाठी असा अर्ज केला. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी गृहीत धरून लागवड करू, असंही त्यात होतं. पोलिसांनी याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं. संगमनेरच्या टोमॅटो-कांदा उत्पादकांना मात्र त्यामागचा हिशेब अनोळखी नाही.

प्रशासन गप्प म्हणजे परवानगी मिळाली का? अजिबात नाही. १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २०नुसार विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. जप्त गांजा १ किलो की २० किलो, यावर शिक्षा बदलते. लागवडीला असं वजनाचं मोजमाप नाही.

गंमत म्हणजे वाटही याच कायद्यात आहे. कलम १०नुसार लागवडीची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं, तर कलम १४ धागा आणि बियांसाठीच्या लागवडीला मुभा देतं. उत्तराखंडने २०१८मध्ये असा परवाना दिलाही. तिथे नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे मोहोळच्या शेतकऱ्याला ज्या गांजाच्या भावाची आशा होती, तो यात बसत नाहीच.

बंगळुरूच्या ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट इंडिया ट्रस्टने मुळातल्या बंदीलाच २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. नगर जिल्ह्याला हे पीक तसं नवं नाही. १८९३-९४मध्ये ब्रिटिशांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा इथल्या शेतात गांजा उभा होता.