आजोबांच्या तबकड्या आणि नातवंडांचे कान

इंग्लंडात १९७० च्या आगेमागे ज्या मुलांनी खाऊचे पैसे साठवून ध्वनिमुद्रिका विकत घेतल्या, ती मुले आज आजोबा झाली आहेत. त्यांच्या कपाटांतून त्या मोठाल्या, चित्रमय वेष्टनांतील तबकड्या अजून जपून ठेवलेल्या आढळतात. किंग क्रिम्झन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉईड, जेथ्रो टल ही नावे तेथे कुलदैवतांच्या नावांइतक्याच आदराने घेतली जातात. एखाद्या रविवारी दहा-बारा वर्षांचे नातवंड हाताशी सापडले, की आजोबांस मोह आवरत नाही. ते वीस मिनिटांचे एकच गीत लावतात, डोळे मिटून घेतात, आणि सातव्या मिनिटाला शेजारून प्रश्न येतो : “हे संपणार केव्हा?”

या प्रश्नाने आजोबांचा जो विरस होतो, तो केवळ संगीताच्या आवडीनिवडीचा नसतो. आपल्या तारुण्यात आपणांस जे सर्वांत मोलाचे वाटले, ते पुढच्या पिढीच्या हाती देता येते की नाही, ही शंका त्यामागे असते. ‘हे संगीत मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे’ असा निकाल मग झटपट दिला जातो, आणि तबकडी पुन्हा कपाटात जाते. हा निकाल कितपत बरोबर आहे?

प्रथम या संगीताचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावातील पहिल्या शब्दाचा राजकीय पुरोगामित्वाशी काही संबंध नाही. तीन मिनिटांची, नाचास सोयीची, एकाच ठेक्यातली गीते सोडून पुढे जाऊ पाहणारे रॉक संगीत, एवढाच त्याचा अर्थ. १९६९ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेली किंग क्रिम्झनची पहिली ध्वनिमुद्रिका या संप्रदायाचा आरंभ म्हणून बहुधा दाखविली जाते. पुढची सहा-सात वर्षे हा त्याचा बहराचा काळ. विद्युत्‌गिटार आणि ढोल हे मूळचे साहित्य. त्याच्या जोडीस ऑर्गन, बासरी, आणि मेलोट्रॉन नावाचे एक चमत्कारिक यंत्र आले. या यंत्राच्या प्रत्येक पट्टीखाली फितीचा एकेक तुकडा असतो. पट्टी दाबली की त्या फितीवर मुद्रित केलेला व्हायोलिनचा वा गायकवृंदाचा स्वर सुमारे आठ सेकंद ऐकू येतो, आणि मग फीत संपते. एका माणसाच्या बोटांखाली सारा वाद्यवृंद, पण आठ सेकंदांपुरता! मुलांस ही गोष्ट सांगून पाहावी; ती फार वेळ विसरत नाहीत.

आता ‘आवाक्याबाहेर’ या शब्दाकडे वळू. मौज अशी, की हे संगीत ज्यांनी निर्माण केले ते स्वतःच पोरसवदा होते. जेनेसिस हा वृंद १९६७ मध्ये चार्टरहाऊस या शाळेतील विद्यार्थ्यांनी उभा केला, आणि त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका बाहेर पडली तेव्हा त्यांची विशीही उलटली नव्हती. किंग क्रिम्झनचा गायक ग्रेग लेक त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी २१ वर्षांचा होता. माइक ओल्डफील्डने ‘ट्यूब्युलर बेल्स’ मुद्रित केली ती एकोणिसाव्या वर्षी, आणि त्यातील बहुतेक वाद्ये त्याने एकट्याने, एकावर एक थर चढवीत वाजविली. मुलांच्या वयाच्या इतक्या निकट असलेल्यांनी जे रचले, ते मुलांस समजणारच नाही असे धरून चालणे विचित्र आहे.

तरीही अडचण सांगितली जाते ती तालाची. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा फार मोठा भाग चार मात्रांच्या मापात बसतो. हा संप्रदाय मात्र पाच, सात, पंधरा अशा मात्रांत रमतो. ‘ट्यूब्युलर बेल्स’चा आरंभ सात आणि आठ मिळून पंधरांच्या मापात फिरतो, पिंक फ्लॉईडच्या १९७३ मधील ‘मनी’ या गीताचा ठेका सातांचा आहे. इंग्रज श्रोत्याचा पाय येथे अडखळतो. पण कोणाचा पाय? एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत मोठे उद्बोधक आहेत. बाल्कन प्रदेशातील लोकसंगीतात असे विषम ताल सर्रास असतात. त्या धुनींत मुद्दाम केलेली तालाची मोडतोड उत्तर अमेरिकेतील प्रौढांच्या ध्यानात येईना. सहा महिन्यांच्या अर्भकांच्या मात्र ती ध्यानात आली! वर्षाच्या मुलांत ही शक्ती ओसरू लागलेली दिसली. पण त्यांस दोन आठवडे घरी तसले संगीत ऐकविले, तेव्हा ती परत आली. प्रौढांवर तेवढ्याच श्रवणाचा तितका परिणाम झाला नाही. आणि जे प्रौढ बाल्कन संगीतातच वाढले होते, त्यांस ती मोडतोड सहज कळली.

या प्रयोगांचा अर्थ सरळ आहे. विषम ताल हा मुलांस अवघड नसतो; तो ज्यांनी लहानपणी ऐकला नाही अशा मोठ्यांस अवघड वाटतो. महाराष्ट्रातील वाचकांस याचे नवल वाटू नये. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा येथील घरांतून भजनात व नाट्यगीतात पूर्वीपासून ऐकू येत आहेत, आणि त्यासाठी कोणा मुलास आधी गणित शिकविले जात नाही. ‘मनी’च्या साताची विभागणी रूपकाप्रमाणेच असेल असे नव्हे, परंतु सातावर परत येणाऱ्या आवर्तनाची ओळख ज्या कानास आहे, त्यास हे गीत परके वाटण्याचे कारण नाही.

त्याच गीतात मुलांसाठी एक खेळही दडलेला आहे. त्याचा आरंभ नाण्यांचा खणखणाट, कागद फाटण्याचा आवाज, दुकानातील गल्ल्याची घंटा अशा आवाजांनी होतो. हे आवाज निरनिराळे मुद्रित करून, फितीचे तुकडे मोजपट्टीने सारख्या लांबीचे कापून व जोडून त्यांचा एक फेरा केला आणि त्यातून ठेका उभा राहिला. पुढे सॅक्सोफोन सातांच्या मापात वाजतो. गिटारीची पाळी येते तेव्हा माप एकदम चारांचे होते. हा बदल कोणत्या क्षणी झाला ते ओळखण्यास नऊ वर्षांच्या मुलास सांगितले, तर ते पुन्हापुन्हा लावण्याचा हट्ट धरील. त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘टाइम’च्या आरंभी एकाच वेळी वाजणारी घड्याळे आहेत; ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स याने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन ती एकेक करून मुद्रित केली होती. कॅनडातील रश या वृंदाच्या १९८१ मधील ‘वाय वाय झेड’चा ठेका तर टोरोंटोच्या विमानतळाच्या सांकेतिक अक्षरांवरून, म्हणजे तारायंत्राच्या मोर्स लिपीतील ‘कट्ट-कड’वरून घेतलेला आहे. बिंदूस एक आणि रेषेस दोन असे मोजले, तर सात, सात आणि सहा मिळून वीस होतात. कागद-पेन्सिल घेऊन मुलांनी हे स्वतः ताडून पाहावे. यापेक्षा चांगला तालाचा धडा शोधूनही मिळणार नाही.

‘ट्यूब्युलर बेल्स’ची पहिली बाजू मुलांसाठीच योजली असावी अशी शंका येते, इतकी ती त्यांस मानवते. तिच्या अखेरीस एक निवेदक एकेका वाद्याचे नाव पुकारतो, आणि नाव घेतले की ते वाद्य तीच धून उचलते. शेवटी लांब नळ्यांच्या त्या घंटा घणघणू लागतात. २०१२ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक उद्घाटनात इस्पितळाच्या खाटांवर मुले उड्या मारीत होती, तेव्हा ओल्डफील्ड हेच संगीत वाजवीत होता. (याच संगीताचा आरंभीचा भाग १९७३ मध्ये एका भयपटास जोडला गेला, म्हणून कित्येक मोठी माणसे ते ऐकताच दचकतात. मुलांस ती आठवण नसते. ती करून देण्याची गरजही नाही.)

लांबीचा प्रश्न मात्र खरा आहे. येसचे १९७२ मधील ‘क्लोज टु दि एज’ सुमारे १९ मिनिटे चालते. पाखरांच्या व पाण्याच्या आवाजांतून ते उगवते, मग एकाएकी वाद्यांची दंगल उसळते, मध्यावर सारे शांत होऊन चर्चमधील मोठा ऑर्गन घुमतो, आणि पुन्हा वेग येतो. ज्यास हा मार्ग ठाऊक आहे त्यास १९ मिनिटे थोडी वाटतात. ज्यास ठाऊक नाही, त्यास त्या रानात वाट सापडत नाही. विलंबित ख्यालाच्या बाबतीत हाच अनुभव येतो. दोष मुलाच्या चंचलतेस देण्यापूर्वी, त्यास पुढचे वळण आधी सांगितले होते काय, हे पाहणे बरे. हल्ली हातातील फोनवर गीतांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे ऐकण्याची सवय मुलांस लागली आहे, हे खरे; पण तीच मुले तीन-तीन तास एकाच खेळात गढून जातात, हेही खरे. चित्त एकाग्र करण्याची शक्ती गेलेली नाही. ती कोठे खर्चावी एवढाच वाद आहे.

लहान मुलांच्या बाबतीत गोष्टीचा आधार फार उपयोगी पडतो, आणि या संप्रदायाने गोष्टी भरपूर उचलल्या. रिक वेकमन याने झ्यूल व्हर्नची पृथ्वीच्या पोटातील सफर १९७४ मध्ये निवेदक व वाद्यवृंदासह सादर केली. कॅमल या वृंदाने पॉल गॅलिकोच्या ‘स्नो गूज’ या कथेवर १९७५ मध्ये सबंध ध्वनिमुद्रिका केली; तीत गाण्याचे शब्द नाहीत, सारे वाद्यांनीच सांगितले आहे. आधी ती कथा वाचून दाखवावी व मग संगीत ऐकवावे; चित्रे मुले आपली आपण काढतील.

तथापि गोष्टीचे सोंग घेतलेले सर्वच मुलांस योग्य असते असे नाही. जेनेसिसचे १९७१ मधील ‘म्यूझिकल बॉक्स’ बालगीताच्या वेषात येते. परंतु तिची कथा एका मुलीने आठ वर्षांच्या मुलाचे मस्तक खेळाच्या दांड्याने उडविल्याची आहे, आणि पुढे तो परततो तो म्हाताऱ्याच्या वासना घेऊन. किंग क्रिम्झनच्या पहिल्याच गीतात व्हिएतनामच्या युद्धातील जळिताची छाया आहे. सात वर्षांच्या मुलाजवळ ही गीते लावून देऊन स्वयंपाकघरात निघून जाणे शहाणपणाचे नव्हे. चौदा वर्षांच्या मुलास मात्र नेमके हेच हवे असते.

किशोरांचा प्रश्न त्यामुळे निराळा आहे. त्यांस ताल समजतो, लांबी सोसते, शब्दांतील काळोख तर आवडतोच; अडसर असतो तो ‘हे वडिलांचे आहे’ या जाणिवेचा. जे संगीत घरात पूज्य मानले जाते, ते पंधराव्या वर्षी नाकारणे हा जणू त्या वयाचा धर्मच. आणि हे त्या तबकड्यांच्या मालकांस तरी उमजावयास हवे, कारण त्यांनी स्वतः हे संगीत आपल्या वडिलांच्या नाकावर टिच्चून ऐकले होते. पिंक फ्लॉईडने १९७९ मध्ये शाळेच्या जाचाविरुद्ध जे गीत केले, त्यात लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतील २३ मुलांचा आवाज आहे. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विषम शिक्षणाच्या निषेधार्थ ते उचलले, आणि तेथील सरकारने त्यावर बंदी घातली. त्या मुलांस ते गीत कोणी ‘अभिजात’ म्हणून भेट दिले नव्हते. त्यांस ते कामाचे वाटले, म्हणून त्यांनी घेतले.

असेच काहीसे २०१२ मध्ये निराळ्या रीतीने घडले. ‘जोजोज बिझार अॅडव्हेंचर’ या जपानी चित्रमालिकेच्या प्रत्येक भागाअखेर येसचे १९७१ मधील ‘राउंडअबाउट’ वाजू लागले. जगभरच्या ज्या किशोरांनी येसचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्या कानी ती गिटारीची सुरुवात पडली, आणि पुष्कळांनी पुढे साडेआठ मिनिटांचे मूळ गीत शोधून काढले. चाळीस वर्षांच्या जुन्या तबकडीने नव्या पिढीत प्रवेश केला तो व्यंगचित्रांच्या दारातून. आजोबांच्या व्याख्यानातून नव्हे.

तेव्हा ज्यांच्या कपाटात त्या तबकड्या आहेत त्यांनी व्याख्यान आवरावे, आणि कपाटास कुलूप घालू नये. लहानग्यांबरोबर बसून ऐकावे. मोठ्यांस शेजारच्या खोलीतून ऐकू जाईल अशा बेताने लावावे, आणि ती आत आली तर ‘कसे वाटले?’ असे लगेच विचारू नये. वेष्टने पाहू द्यावीत. जेथ्रो टलची १९७२ मधील ‘थिक अॅज अ ब्रिक’ ही ध्वनिमुद्रिका म्हणजे दोन्ही बाजूंस पसरलेले एकच गीत. आठ वर्षांच्या एका कल्पित मुलाने ते लिहिले आणि त्याचे बक्षीस काढून घेण्यात आले, असा त्याचा बनाव आहे. ही सारी हकीकत बारा पानी खोट्या वृत्तपत्रात छापून तेच वेष्टन म्हणून वापरले आहे. त्यात थट्टेच्या बातम्या आहेत, शब्दकोडे आहे, ठिपके जोडून चित्र काढण्याचाही खेळ आहे. मुलाचे लक्ष गीताच्या आधी तिकडेच जाईल. ती मूळची प्रत असेल, तर पेन्सिल हाती देण्यापूर्वी आजोबांनी थोडा विचार करावा.