क्षेत्रकामाची शिदोरी – लेखांक ९ : कॅमेऱ्याची साक्ष

क्षेत्रकामात काढलेले छायाचित्र हा साक्षीदार असतो. ते कुठे, केव्हा, कोणी आणि कशासाठी काढले हे ठाऊक असेल तरच त्याची साक्ष ग्राह्य धरता येते. दिवाणखान्यात लावायच्या फोटोत फुलामागचे सगळे धूसर असले की फूल उठून दिसते. अभ्यासाच्या फोटोत मात्र ते मागचेच हवे असते, कारण रोप उघड्या कातळावर होते, भेगेतल्या मातीत होते की साचलेल्या पाण्यात, हे तिथूनच कळते. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मेमरी कार्डात सूर्यास्त भरपूर आणि ज्या प्लॉटमध्ये चार दिवस मोजणी केली त्याचा एकही फोटो नाही, असे पुष्कळदा घडते. त्याचे मूळ हा फरक न कळण्यात आहे.

छायाचित्राला जशी नोंद तशी नमुन्याला चिठ्ठी. ती खोटी असेल तर खरा नमुनाही कशी दिशाभूल करतो, याचे बोलके उदाहरण खानदेशातले आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला छोटा पक्षी पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये विज्ञानजगतापुढे आणला. १८८०च्या दशकात खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. मधल्या काळातली एकच नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी टिपल्याचे सांगितले होते. त्या चिठ्ठीवर विसंबून जाणकारांनी मांडवीचा परिसर पालथा घातला, पण हाती काही लागले नाही. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा त्यातली भरणी आणि जोडकाम डेव्हिडसन यांच्या हातचे निघाले. नमुना संग्रहालयातूनच लांबवलेला होता आणि नवी चिठ्ठी लावून परत आला होता. पक्षी अस्सल होता, पत्ता बनावट होता.

मांडवीची चिठ्ठी बाजूला सारून जुन्या अस्सल नोंदींच्या मागावर निघालेल्या रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. त्यांनी लगेच व्हिडिओ आणि छायाचित्रे घेतली. गावोगावी दिसणारा ठिपकेवाला पिंगळा आणि रानपिंगळा दुरून भावंडेच वाटतात. त्यामुळे ‘पाहिला’ एवढ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता. डोक्यावर जवळजवळ न दिसणारे ठिपके, पांढरे स्वच्छ पोट आणि दाट पिसांचे जाड पाय ही लक्षणे चित्रफितीत इतरांनाही तपासता आली. या शोधासाठी कोणालाही पक्षी मारावा लागला नाही.

पुढे २००६ मध्ये तर एका नव्या जातीचे वर्णनच याच वाटेने झाले. पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेया यांनी अरुणाचलातल्या ईगलनेस्ट भागात ‘बुगुन लिओसिचला’ हा पक्षी शोधला. संख्या इतकी थोडी दिसत होती की एकही पक्षी मारणे त्यांना योग्य वाटले नाही. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची मापे, छायाचित्रे आणि गळालेली पिसे घेऊन त्यांनी त्याला सोडून दिले. आवाजाची ध्वनिमुद्रणे जोडीला होतीच. हा मार्ग सर्वांना मान्य आहे असे नाही. नमुना हाती नसेल तर पुढच्या संशोधकाने कशाशी ताडून पाहायचे, हा वर्गीकरणशास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त आहे आणि कीटकांच्या बाबतीत तो जास्तच लागू पडतो.

वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला छायाचित्रणाची शिस्त शिकायला साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यासारखी जागा नाही. जांभ्याच्या या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही पावलांवर रोपांची वस्ती (अधिवास) बदलते. डबक्यात वायतुरा, पाणथळ कडेला सीतेची आसवे आणि दवबिंदू, मातीचा थर थोडा जाड झाला की तेरडा आणि सोनकी. इथे फोटोंचा क्रम दुरून जवळ असा ठेवावा. आधी सड्याचे दृश्य, मग दोन-तीन मीटरवरून वस्ती, मग पूर्ण रोप आणि शेवटी अवयव. पानांची मांडणी, पानाची दोन्ही अंगे, खोडावरची लव, फूल समोरून आणि बाजूने, पुष्पकोश, फळ असेल तर फळ. सीतेच्या आसवांचे फूल समोरून कितीही देखणे टिपले तरी मागचा शुंड दिसत नसेल तर जात ठरवताना अडते. नेच्यांचे पान उलटून बीजाणूंचे ठिपके घ्यावे लागतात, अळंबीची छत्री खालून. गेंदाच्या बाबतीत कॅमेरा हात टेकतो. त्याच्या अनेक जाती फूल उकलून आणि बीजाचे कवच सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच वेगळ्या करता येतात. तिथे ‘गेंद, जात अनिश्चित’ एवढे लिहिणे हीच प्रामाणिक नोंद. अ‍ॅपने सुचवलेले नाव वहीत उतरवणे मात्र नोंद बिघडवणे आहे, कारण अ‍ॅपलाही फोटोत दिसते तेवढेच दिसते.

प्रत्येक रोपाच्या फोटोंआधी फील्डवहीच्या पानाचा, त्यावरच्या क्रमांकासह, एक फोटो काढायची सवय फार उपयोगी पडते. संध्याकाळी तीनशे फोटो समोर आले की कोणते पान कोणत्या रोपाचे हे त्या क्रमांकावरूनच कळते.

मापाशिवाय छायाचित्र मुके असते. सर्वांत चांगली साधी मिलिमीटरची पट्टी, तीही विषयाच्या पातळीला ठेवलेली. पुढे-मागे ठेवली की माप खोटे पडते. नाणे ठेवायची पद्धत रूढ आहे, पण रुपयाचे नाणे पूर्वी २५ मिलिमीटरचे होते आणि २०११च्या मालिकेत ते २२ मिलिमीटरचे झाले. कोणते नाणे ते लिहिले नसेल तर मापात आठव्या हिश्शाएवढी चूक शिरते. पेन, लेन्सची टोपी, मैत्रिणीचा हात ही मापे घरच्यांना दाखवायला ठीक.

ठशाचे छायाचित्र घेताना कॅमेरा बरोबर वरून, जमिनीशी काटकोनात धरावा. तिरक्या कोनातून गोल ठसा लांबट होतो आणि वाघाची वाघीण होते. उन्हे कलती असताना ठशाच्या कडेची सावली खोली दाखवते, भर दुपारी तोच ठसा सपाट दिसतो. ओल्या चिखलात ठसा मूळ पंजापेक्षा पसरतो, म्हणून जमीन कशी होती हेही वहीत हवे. चौकटीच्या, म्हणजे एक मीटर चौरसाच्या क्वाड्रॅटच्या फोटोला वरून पाहण्याचा हाच नियम लागू होतो. रुंद कोनाच्या लेन्सने कडा ताणल्या जातात, त्यामुळे शक्य तेवढे उंचावरून आणि झूम थोडा पुढे घेऊन चौकट टिपलेली बरी.

रंगाचा घोळ पावसाळ्यात हमखास होतो. ढगाळ उजेडात कॅमेरा आपल्या मनाने रंग सावरतो आणि जांभळे फूल निळे होऊन बसते. रंग महत्त्वाचा असेल तर पहिल्या फोटोत राखाडी कार्ड ठेवावे, नाहीतर रंग डोळ्यांनी पाहून शब्दांत लिहावा. उघडीप मिळून ऊन कडक पडले तर छत्री कामी येते. तिच्या सावलीत फुलावरची भगभगीत चकाकी जाते, आणि सर आलीच तर कॅमेराही कोरडा राहतो. प्रकाश कमी-जास्त करणे, कडा कापणे एवढी दुरुस्ती चालते. मध्ये आलेली काडी संगणकावर पुसून टाकणे चालत नाही, आणि मूळ फाइल तर कधीच बदलायची नाही.

डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ आणि लेन्सची मापे आपोआप साठवतो. मोबाइल तर ठिकाणही साठवतो. मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ चुकले असेल तर ही माहिती ठामपणे चुकीची असते. रोजचा पहिला फोटो मोबाइलवरच्या घड्याळाचा काढला तर फरक नंतर वजा करता येतो. ठिकाणाचे आकडे चार दशांश स्थळांपर्यंत लिहिले की उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकेपणा येतो. दोनच स्थळे लिहिली तर तो एका किलोमीटरवर जातो. दाट झाडीत आणि अरुंद दरीत जीपीएसची चूक वाढते, म्हणून यंत्राने दाखवलेली चूकही टिपावी. गटात सर्रास होणारी एक गफलत म्हणजे सगळ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा करणे. त्यात चित्र दाबले जाते आणि सोबतची माहिती गळून पडते. फोटो मूळ फाइलच्या रूपात, त्याच संध्याकाळी, दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावेत.

माणसाच्या गैरहजेरीत चालणारा कॅमेरा ट्रॅप हे या साधनाचे वेगळेच रूप. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी काढलेली वन्यप्राण्यांची रात्रीची छायाचित्रे १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये छापली गेली. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी तारेला प्राण्याचा पाय लागताच आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने वाघ टिपले आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक आले. अशा फोटोंतून वाघांची मोजणी करायची शास्त्रशुद्ध पद्धत मात्र उल्हास कारंत यांनी नागरहोळेत १९९०च्या दशकात बसवली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आणि दोन्ही कुशींवरचेही वेगळे, म्हणून पायवाटेच्या दोन बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर दोन कॅमेरे समोरासमोर लावतात. पुढचे गणित सोपे करून सांगायचे तर असे. समजा पहिल्या फेरीत १० वाघ ओळखले, दुसऱ्या फेरीत १२ दिसले आणि त्यांतले ६ आधीच्या यादीतले निघाले. म्हणजे पहिले १० वाघ एकूण संख्येच्या निम्मे असावेत आणि जंगलात साधारण २० वाघ असावेत. प्रत्यक्षातले गणित याहून बरेच किचकट असते, पण पाया हाच. न दिसलेल्या वाघांचा अंदाज दिसलेल्यांच्या पुनर्भेटीवरून बांधायचा.

२०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि जवळपास साडेतीन कोटी छायाचित्रे जमली. त्यांत वाघांची होती ७६,६५१. त्यांतून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखता आले. उरलेल्या कोट्यवधी फोटोंत चितळ, रानडुकरे, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत. हा पसारा टाकाऊ नव्हे. कोणत्या पाणवठ्यावर गुरे किती वाजता येतात आणि सांबर कधी, हे त्यातूनच कळते. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला वाघापेक्षा असा विषय बहुधा जास्त मानवतो.

बदल मोजायचा असेल तर एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो काढावे लागतात. आल्प्समधल्या हिमनद्यांसाठी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वापरात आली होती. देवराई, गायरान किंवा खाणीलगतचा सडा यांना ती तशीच लागू पडते. कातळावर रंगाची खूण करण्याऐवजी सहज न हलणारा दगड किंवा झाड निवडावे. ट्रायपॉडची उंची, होकायंत्राने घेतलेली दिशा आणि लेन्सची लांबी लिहून ठेवावी. पुढच्या खेपेला पहिल्या फोटोची छापील प्रत सोबत न्यावी आणि क्षितिजावरचा एखादा सुळका कडेशी जुळवून मगच बटण दाबावे. महिनाही तोच हवा. मे महिन्यातला काळा करपलेला सडा आणि सप्टेंबरमधला फुललेला सडा शेजारी ठेवून ऱ्हास किंवा सुधारणा सिद्ध होत नाही, फक्त पाऊस पडल्याचे सिद्ध होते.

अभयारण्यात अभ्यासासाठी जायचे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवाना लागतो, प्राणी पकडायचा किंवा हाताळायचा असेल तर त्याची परवानगी निराळी, आणि ड्रोनचे नियम त्याहून निराळे. कायद्यात न लिहिलेले नियमही आहेत. घरट्याचे फोटो काढू नयेत, कारण फांद्या बाजूला सारल्या की आडोसा जातो आणि कावळ्यांना आयती वाट मिळते. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून विणीच्या हंगामातला नवरंग बोलावू नये. तो येतो ते प्रतिस्पर्ध्याशी लढायला, आणि त्याची ती वेळ पिलांच्या पोटाची असते. बेडूक शीतपेटीत ठेवून सुस्त करणे, कीटक सुईने नीट बसवणे हे प्रकार चित्र सुंदर करतात, पण त्यात दिसणारे वर्तन त्या प्राण्याचे उरत नाही. सड्यावर पोटावर झोपून एक फूल टिपताना अंगाखाली शंभर चिरडली जातात, म्हणून गटाने एकाच पायवाटेने जावे आणि एकाच जागी आडवे व्हावे.

शेवटचा प्रश्न ठिकाण जाहीर करण्याचा. दुर्मीळ कंदीलपुष्पाच्या कंदाला, आमरीला आणि सरड्या-सापांनाही गिऱ्हाईक असते. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातीचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते आणि सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी खूण दिसते. समाजमाध्यमांवर असा आपोआप पडदा नसतो. तिथे फोटो टाकताना ठिकाणाची माहिती काढून टाकावी, मजकुरात फक्त जिल्हा लिहावा आणि नेमके आकडे मार्गदर्शकाकडे व वनखात्याकडे द्यावेत. एवढे करूनही मागच्या डोंगराची कड फोटोत राहिली तर त्या भागातला माणूस जागा क्षणात ओळखतो. त्यामुळे वस्ती दाखवणारा पूर्ण फोटो प्रबंधाच्या संग्रहात ठेवावा, आणि बाहेर द्यायला तोच मागचे सगळे धूसर असलेला, दिवाणखान्यातला फोटो वापरावा.