भोंगा वाजला, तर आत की बाहेर?

तारापूरचा भोंगा वाजला तर घराबाहेर धावायचं की दारं लावून आत बसायचं, याला एकच एक उत्तर नाही. पालघर जिल्ह्यातल्या आपत्ती-सज्जतेची खरी अडचण हीच आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 रिश्टरचा होता. तंबूत रात्री काढलेल्या तिथल्या माणसांच्या अंगात एक गोष्ट भिनली : जमीन हलली की मोकळ्यावर यायचं. पण हीच सवय बोईसरच्या रासायनिक कारखान्यांतून विषारी वायू सुटल्यावर जिवावर बेतू शकते. तेव्हा दारं-खिडक्या लावून, फटींना ओले कपडे लावून आत थांबायचं असतं. उघड्यावर सापडलात तर वाऱ्याला आडवं चालत त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं. तारापूरच्या अणुकेंद्रातून किरणोत्साराचा इशारा मिळाला तरी आधी घरातच. मग नुसतं ‘सावध राहा’ सांगून भागत नाही.

कागदावर तयारी कमी नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखान्यातल्या धोक्यांची माहिती शेजारच्या वस्तीलाही देण्याची तरतूद कारखाना कायद्यात आली. 1989 च्या नियमांनी कारखान्याच्या आत दर सहा महिन्यांनी आणि बाहेर वर्षातून एकदा सराव बंधनकारक केला. 1969 पासून वीज देणाऱ्या अणुकेंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंतचं आणीबाणीचं नियोजन आहे. 7 मे 2025 च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावात तारापूर सर्वात संवेदनशील गटात होतं. तरीही ही सज्जता बरीचशी गेटच्या आत राहते, असं मला वाटतं. शिवाय वेळेचा प्रश्न आहे. तारापूर एमआयडीसीतले (औद्योगिक वसाहतीतले) दोन मोठे स्फोट आठवा. 8 मार्च 2018 चा रात्री झाला, त्यात तिघे गेले. 11 जानेवारी 2020 चा शनिवारी संध्याकाळी झाला, त्यात आठ जण गेले. सराव मात्र बहुतेक दिवसाउजेडी होतात. किनाऱ्यावर दिवस-रात्रीचा हा फरक साधा नाही. पावसाळा सोडला तर दिवसा वारा समुद्राकडून बोईसरच्या दिशेने वाहतो, रात्री तो उलटून चिंचणी-तारापूरकडे जाऊ लागतो. दुपारी शिकलेली सुरक्षित वाट मध्यरात्री धोक्याची ठरू शकते.

इतकं सारं सांगितलं तर लोक घाबरतील, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण माणूस सैरावैरा पळतो तो काय घडलंय हे कळत नाही म्हणून. भूकंपाच्या पट्ट्यातल्या लोकांना काय करायचं ते कळलं आणि ते तसं वागले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : बोईसरच्या चाळींत भाड्याने राहणारे कंत्राटी कामगार आज इथे, उद्या दुसरीकडे, शिकवायचं कुणाला? खरंच, वर्षातून एकदा सभा घेऊन हे साधणार नाही. म्हणून माहिती माणसाच्या मागे न जाता जागेला चिकटलेली हवी. गेटपासच्या मागे, चाळीच्या जिन्यात, रिक्षा स्टँडवर, मराठीत आणि हिंदीत चार ओळी : कुठल्या इशाऱ्याला आत, कुठल्याला बाहेर. भोंग्यापाठोपाठ ध्वनिक्षेपकावरून धोक्याचं नाव सांगितलं जावं, कारण नुसता भोंगा ते सांगू शकत नाही. आणि पुढचा सराव आधी कळवून घेतला तरी चालेल, पण रात्रपाळी बदलताना घ्यावा. अग्निशमन दलाची गाडी किती मिनिटांत पोचली याची नोंद होतेच. चाळीतल्या शेवटच्या खोलीत इशाऱ्याचा अर्थ पोचायला किती वेळ लागला, तोही त्याच अहवालात लिहावा.