बागा बीच म्हणजे पंचगंगा नव्हे

आंबोली घाट उतरला की कोल्हापूरच्या दोस्तांची गाडी थेट बागा-कळंगुटला. पंचगंगेत पोहायला शिकलेला गडी समुद्राला भीत नाही. त्यात दोन पेग पोटात. दारूने अंदाज चुकतो, हातपाय मंदावतात. लाटांच्या मधला शांत पट्टा सुरक्षित वाटतो, पण बऱ्याचदा तिथूनच पाणी वेगाने आत ओढते. ही ओढ खाली खेचत नाही, आत नेते. तिच्याविरुद्ध झगडणारा पट्टीचा पोहणाराही दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहावे. जमत नसेल तर तरंगत हात वर करावा.

काठावरच्या मित्राने उडी मारू नये, दोघेही जातात. जीवरक्षकाला हाक मारावी, रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नये (सिनेमात काहीही दाखवतात). तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करावा.