लंडनचा हिवाळा आणि एकटा प्रवासी

परदेशगमन ही आता आपल्या घरांतून नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव, बहुतेक आळींतून एखादा मुलगा किंवा मुलगी सातासमुद्रापलीकडे असते आणि त्या निमित्ताने केव्हातरी आईवडिलांनाही प्रवासाचा योग येतो. गेल्या डिसेंबरात मला तो आला. माझी कन्या लीड्स येथे शिकते. तिचे सत्र संपेपर्यंतचे पाच दिवस मला लंडनात एकट्यानेच काढावयाचे होते. त्या दिवसांत जे उमगले, ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे म्हणून येथे नोंदवितो.

पहिली गोष्ट उजेडाची. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारचे चार वाजण्यापूर्वीच मावळतो. आपल्याकडे ज्या वेळी दुपारचा चहा होतो, त्या वेळी तेथे दिवेलागण झालेली असते. म्हणून थेम्सचा काठ, उद्याने, पूल ही उघड्यावरची स्थळे सकाळी दहा ते तीनच्या आत पाहून घ्यावीत आणि उरलेला वेळ ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी यांसारख्या संग्रहालयांना द्यावा. या दोन्ही ठिकाणी कायम संग्रह पाहण्यास प्रवेशशुल्क नाही. शुक्रवारी ती रात्रीपर्यंत उघडी असतात. मात्र २५ डिसेंबरला संग्रहालये बंद असतात, इतकेच नव्हे तर भुयारी रेल्वे आणि बसगाड्याही धावत नाहीत. त्या दिवसाची शिधासामग्री आदल्या दिवशीच आणून ठेवावी.

दुसरी गोष्ट कपड्यांची. लंडनात बर्फ क्वचितच पडते. तेथील खरा शत्रू म्हणजे बोचरा वारा आणि रिपरिप पाऊस. एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा अंगालगत बंडी, तीवर लोकरी स्वेटर आणि सर्वांवर पाणी न शिरणारा, टोपीचा कोट असे थर करावेत. थरांमध्ये कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते, आणि तापविलेल्या इमारतीत शिरल्यावर एकेक थर उतरविता येतो. वाऱ्याने छत्री उलटते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. बूट रबरी तळाचे असावेत. खोबरेल तेल थंडीत बाटलीतच थिजून बसते, तेव्हा ओठांना व हातांना लावण्यास एखादे मलम न्यावे. दुधाचे व मांसाचे पदार्थ आपल्याकडून तेथे नेण्यास मनाई आहे. मुलांसाठी पेढे आणि साजूक तूप नेण्याचा मोह आवरावा. शेव, चिवडा खुशाल न्यावा.

तिसरी गोष्ट वाहनांची. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. परदेशात चालणारे बँकेचे कार्ड यंत्राला टेकवून प्रवास करता येतो. भुयारी रेल्वेत चढताना व उतरल्यावर दोन्ही वेळा, बसमध्ये मात्र चढतानाच टेकवावे. दिवसभर एकच कार्ड वापरल्यास ठराविक रकमेपुढे भाडे आकारले जात नाही. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूस उभे राहावे, डावी बाजू घाईतल्यांची.

आता माझी फजिती सांगतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ब्रिटिश म्युझियमचे दार बंद झाले, तेव्हा मी बाहेर पडलो. मिट्ट काळोख, भुरभुर पाऊस. बिऱ्हाडाचा रस्ता पाहण्यासाठी मोबाईल काढला, तर तो दिवसभराच्या छायाचित्रांनी आणि थंडीने गळाठून बंद पडला. पत्ता त्यातच होता आणि कन्येचा क्रमांकही. त्या भागातील घरांच्या रांगा इतक्या एकसारख्या की चारदा फिरून मी त्याच कोपऱ्यावर आलो. मुलांना तीस वर्षे पाढे पाठ करायला लावणाऱ्या या मास्तराला पोटच्या मुलीचा क्रमांक पाठ नव्हता! कोणाला विचारावे, तर भीड आड आली. अखेर एका चहाच्या दुकानात शिरलो. तेथील मुलाने न बोलता मोबाईल विजेला जोडून दिला. तो सुरू झाला, तेव्हा कन्येचे अकरा फोन येऊन गेल्याचे दिसले. फोन लावला, तर पलीकडून प्रथम केवळ हुंदका ऐकू आला. मग ती म्हणाली, “बाबा, निदान एका कागदावर तरी लिहून ठेवायचं होतंत!”

तेव्हापासून बिऱ्हाडाचा पत्ता आणि दोन दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. रोज ठरलेल्या वेळी कन्येला खुशाली कळवू लागलो. संकटसमयी पोलीस वा रुग्णवाहिकेसाठी ९९९ हा क्रमांक तेथे आहे, तोही लिहिला. प्रवासाचा विमा आणि औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी यांतही कुचराई करू नये.

पाचव्या दिवशी तोच कागद खिशात घेऊन चॉक फार्म स्थानकावर उतरलो आणि १०, किंग हेन्रीज रोड हे घर गाठले. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केले. भेटीच्या वेळा आधी पाहून जावे. माझ्यापाशी परतीचे तिकीट होते, विमा होता, अंगावर तीन थर होते. तुटपुंज्या पैशांत असले हिवाळे काढून अभ्यास करणाऱ्या त्या विद्यार्थ्याची आठवण होऊन मला माझ्या तक्रारींची लाज वाटली.

असो. एकट्याने जाण्यास भिऊ नये. मात्र एकट्याने गेलो तरी आपली वाट पाहणारे कोणी आहे, याचा विसर पडू देऊ नये.