बायोडाटातली दोन वर्षं : नवा सॉफ्टवेअर इंजिनिअर नेमकं काय शिकतो?

सॉफ्टवेअर इंजिनिअर कोण, हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक गल्लीत एक तरी असतोच. कुणाचा भाचा पुण्याला हिंजवडीत, कुणाची सून बेंगळूरला. पण तो दिवसभर करतो काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "कंप्युटरवर काम करतो." आणि त्याच्या पाठोपाठ पॅकेजचा आकडा.

मी साहित्याची विद्यार्थिनी. हा विषय माझ्या वाट्याला आला तो बायोडाटामुळे. वडगावात आमच्या शेजारच्या ताईला नोकरी बदलायची आहे. तिची शाळा मराठी माध्यमाची, वडिलांचे घरात दोन माग. "तू इंग्लिश लिटरेचरवाली, जरा भाषा बघून दे," म्हणून तिनं दोन पानं माझ्या हातात दिली. त्यात दोन मोठे मथळे होते, शिक्षण आणि अनुभव. भाषा ठीकच होती. पण दोन्ही मथळ्यांखाली जे लिहिलं होतं, त्यावरून तिनं काय केलं ते मला काही केल्या कळेना. मग मी विचारत गेले, ती सांगत गेली. आपल्यापैकी अनेकांच्या घरात याच वळणावर कुणीतरी उभं आहे, म्हणून ते इथे मांडते.

शिक्षण : चार वर्षं, आठ सेमिस्टर

आपल्याकडचा नेहमीचा रस्ता असा. बारावी सायन्स, मग सीईटी, रँकप्रमाणे कॉलेज आणि ब्रँच. बेळगाव परिसरातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाला म्हणजे व्हीटीयूला जोडलेली. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्याच गावात, मच्छेजवळ आहे.

पहिल्या वर्षी ब्रँच कोणतीही असो, एक सेमिस्टर 'फिजिक्स सायकल', एक 'केमिस्ट्री सायकल'. खरा कंप्युटर सायन्स तिसऱ्या सेमिस्टरपासून : डेटा स्ट्रक्चर्स, मग अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क. मध्ये एक कन्नडचा पेपरही असतो. कन्नड येणाऱ्यांना एक, न येणाऱ्यांना दुसरा.

प्रत्येक लॅबला प्रोग्रॅमची ठरलेली यादी असते. परीक्षेला त्यातली एक चिठ्ठी उचलायची आणि जो प्रोग्रॅम येईल तो लिहून चालवून दाखवायचा. ताई म्हणते, "यादीतले सगळे प्रोग्रॅम पाठ असले की लॅबचे मार्क कुठं जात नाहीत." या पद्धतीला नावं ठेवायची नाहीत. पाया त्यातूनच पक्का होतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. चारही वर्षांत विद्यार्थी जे लिहितो ते कोऱ्या पानावर, स्वतः, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लिहितो. प्रोग्रॅम पन्नास-शंभर ओळींचा. परीक्षा झाली की तो संपला. तो पुन्हा कुणी वाचत नाही, दुरुस्त करत नाही. नोकरीत काम सुरू होतं ते नेमकं याच्या उलट टोकापासून.

ऑफर लेटर हेही वाचायचं असतं

सातव्या सेमिस्टरला कंपन्या कॅम्पसवर येतात. मोठ्या सर्व्हिस कंपन्या एकदम शेकड्यांनी मुलं घेतात. गणित-तर्काची चाचणी, थोडं कोडिंग, मग मुलाखत. मेकॅनिकल, सिव्हिलवालेही यात बसतात आणि निवडलेही जातात, कारण या कंपन्या प्रशिक्षण स्वतः देतात.

ताईला ऑफर मिळाली ३,६०,००० रुपयांची. घरी सगळ्यांनी बाराने भागलं आणि महिना ३०,००० धरले. पण ऑफर लेटरमधला आकडा सीटीसीचा असतो, म्हणजे कंपनीला वर्षभरात या माणसावर होणारा एकूण खर्च. तिच्या पत्राचा हिशेब असा. मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना १५,०००. त्यावर कंपनी जो १२ टक्के पीएफ भरते तो वर्षाला २१,६००, आणि तो याच आकड्यात धरलेला. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, वर्षाला साधारण ८,६५०, तीही यातच. ती हातात पडायला कायम नोकरीत सलग पाच वर्षं काढावी लागतात. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग २४,०००, तो वर्षाअखेरी, मिळाला तर. हे वजा जाता महिन्याला साधारण २५,५०० उरतात. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात जमा होतात २३,५००.

बेंगळूरला पीजीचे ८,०००. शैक्षणिक कर्ज चार लाखांचं, त्याचा हप्ता साडेआठ हजार. उरले ७,०००. त्यातच बस, मोबाइल, घरी येण्याजाण्याचं भाडं.

कर्जाच्या बाबतीत आणखी एक अट असते, ती आधीच वाचलेली बरी. बँका साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत देतात आणि मग हप्ता सुरू करतात. नोकरी लागली असो वा नसो, घड्याळ चालूच. २०२२ नंतरच्या काळात अनेक कंपन्यांनी निवडलेल्या मुलांना रुजू करून घ्यायला महिनोन् महिने लावले. ताई २०२२ च्या जुलैत पास झाली आणि रुजू झाली मार्च २०२३ ला. सवलतीच्या बारा महिन्यांतले आठ असेच गेले. त्या आठ महिन्यांत ती वडिलांच्या मागावर कांड्या भरत होती. बायोडाटात या काळापुढे फक्त कोरी जागा आहे.

ट्रेनिंग, बेंच, प्रोजेक्ट

रुजू झाल्यावर तीन महिने ट्रेनिंग. शेवटी परीक्षा असते, आणि ती अनेक ठिकाणी खरीखुरी असते. नापास झालेल्यांना एखादी संधी देऊन घरी पाठवतात. त्यानंतर येतो तो शब्द, जो या क्षेत्रात सगळे दबक्या आवाजात उच्चारतात : बेंच. पगार चालू, पण काम नाही. कुठल्यातरी ग्राहकाच्या प्रोजेक्टमध्ये जागा निघेपर्यंत वाट बघायची. क्रिकेटमधल्या राखीव खेळाडूंसारखं. बाहेरून हे सुख वाटतं. आतून रोज एकच प्रश्न असतो, आपलं नाव कापणाऱ्यांच्या यादीत तर नाही ना?

ताईच्या दोन वर्षांची फोड अशी : ट्रेनिंग ३ महिने, बेंच ५ महिने, विमा कंपनीचं प्रोजेक्ट १४ महिने, ते संपल्यावर पुन्हा बेंच २ महिने. बायोडाटावर "दोन वर्षांचा अनुभव". खोटं काहीच नाही, पण खरा अनुभव त्या चौदा महिन्यांत आहे.

आता तिच्या कंपनीत नियम असा की दुसऱ्यांदा बेंचवर आल्यापासून ठरावीक दिवसांत नवं प्रोजेक्ट मिळालं नाही तर राजीनामा मागतात. म्हणून ही धावपळ. एका एजंटनं तिला सुचवलं, "एक वर्ष वाढवून तीन वर्षं लिहा, सगळे लिहितात." तिनं नकार दिला. तत्त्व होतंच, आणि व्यवहारही होता. पीएफ खात्याच्या नोंदीत कुठल्या कंपनीत कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केलं ते दिसतं, आणि नवी कंपनी ते तपासते.

काम म्हणजे आधी वाचन

हा भाग ऐकताना मी वही काढली, कारण हे थेट आपल्या विषयातलं निघालं.

नवा इंजिनिअर प्रोजेक्टवर जातो तेव्हा तिथे लाखो ओळींचा कोड आधीच असतो. तो दहा-पंधरा वर्षांत पन्नासेक माणसांनी लिहिलेला असतो आणि त्यातली बरीच नोकरी सोडून गेलेली असतात. सकाळी पंधरा मिनिटांची बैठक होते : काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. मग प्रत्येकाच्या नावावर तिकीट असतं. तिकीट म्हणजे एक छोटी तक्रार किंवा एक छोटं काम.

ताईचं एक तिकीट सांगते. २९ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या विमा पॉलिसींची नूतनीकरणाची तारीख काढताना सिस्टिम अडकत होती. कारण शोधायला लागले आठ दिवस. बऱ्याच फाइली वाचून ती शेवटी २०११ साली लिहिलेल्या एका फाइलीपाशी पोहोचली. तिथे कुणीतरी दिवस आणि महिना तसाच ठेवून फक्त वर्षात एक मिळवला होता. म्हणजे २९ फेब्रुवारी २०२५. अशी तारीख कॅलेंडरात नाहीच! दुरुस्ती चार ओळींची, ती नवव्या दिवशी झाली. आठ दिवस वाचन, एक दिवस लेखन. चार वर्षांच्या कॉलेजात हे प्रमाण नेमकं उलटं होतं.

ती फाइल कुणी, कधी, कशासाठी बदलली हे तिला कळलं ते 'गिट'मुळे. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली बनवलेलं हे साधन कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं : कोणी, केव्हा, आणि सोबत एक छोटी टीप. टीप नीट लिहिलेली असेल तर तेरा वर्षांनी वाचणाऱ्याचे दिवस वाचतात. "फिक्स केलं" एवढंच लिहिलं असेल तर वाया जातात.

बदल केला की तो लगेच आत जात नाही. वरिष्ठ तो ओळ न् ओळ वाचतात, शेरे मारतात. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. मला एकदम एकनाथ आठवले. शके १५०६ म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत तयार केली. अनेक हातांतून फिरलेल्या ग्रंथात काय मूळचं, काय नंतर शिरलेलं, हे ठरवायला आधी संपूर्ण ग्रंथ अंगी मुरावा लागतो. पाठचिकित्सेचा आपला पेपर आणि ताईचं ऑफिस यांत मला वाटत होतं तेवढं अंतर नाही.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : प्रोग्रॅम म्हणजे फक्त लिहिलेला मजकूर नव्हे. तो लिहिताना लिहिणाऱ्यांच्या मनात जी समज तयार होते, तोच खरा प्रोग्रॅम. ती माणसं निघून गेली की मजकूर मागे राहतो, समज नाहीशी होते. नव्या माणसाला ती वाचून, विचारून पुन्हा उभी करावी लागते. पहिल्या दोन वर्षांत इंजिनिअर शिकतो ते हेच. आता एआय साधनं मिनिटात शंभर ओळी लिहून देतात. पण त्या ओळी बरोबर आहेत का, जुन्या कोडशी जुळतात का, हे कुणाला तरी वाचूनच ठरवावं लागतं.

मग बायोडाटात काय लिहायचं?

ताईच्या पहिल्या मसुद्यात त्या चौदा महिन्यांची एकच ओळ होती : विमा प्रोजेक्टमध्ये जावा आणि एसक्यूएल वापरून काम केलं. अशी ओळ हजारो बायोडाटांत असते. ती कुणाचीही असू शकते, म्हणून ती कुणाचीच नाही.

आम्ही ती मोडली आणि प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारले. अडचण काय होती? तू स्वतः काय केलंस? त्यानंतर काय बदललं? मग लीप वर्षाची गोष्ट आली. तिनं त्यासाठी लिहिलेली चाचणी आली, जी आता प्रत्येक बदलाच्या वेळी आपोआप चालते. नवीन आलेल्या दोघांसाठी तिनं त्या जुन्या फाइलींची माहिती सहा पानांत लिहून ठेवली होती. "हे काय काम आहे का, हे कशाला घालायचं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "ताई, हेच तर घालायचं." आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या मुलामुलींना इंग्रजीची धास्ती असते आणि ती बायोडाटात दिसते. मोठमोठी विशेषणं येतात, क्रियापदं हरवतात. उपाय साधा आहे. आधी मराठीत सांगा, काय केलं ते. मग तेच, तेवढंच, इंग्रजीत लिहा.

ट्रेनिंग आणि बेंचचे महिने लपवू नका, पण कामात मिसळूही नका. बेंचवर असताना काही शिकला असाल, काही बनवलं असेल, तर ते वेगळं लिहा. आणि नोटीस पीरियड किती ते आधीच स्पष्ट करा. अनेक मोठ्या कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो, आणि त्यामुळे हाताशी आलेली नोकरी निसटू शकते.

गेल्या आठवड्यात ताईची एका कंपनीत मुलाखत झाली. त्यातला अर्धा तास २९ फेब्रुवारीवरच गेला. निकाल अजून यायचा आहे, आणि हप्त्याची तारीख दर महिन्याला येतेच आहे.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी या टप्प्यावर असेल तर पॅकेज किती हे कृपया विचारू नका. ते सगळेच विचारतात. "सध्या कुठल्या अडचणीवर काम चाललंय, मला समजेल असं सांग ना," एवढं म्हणून बघा. सांगणाऱ्याला आधी जड जाईल. पण तुम्हाला समजेल असं सांगता आलं, तर मुलाखतीतही त्याला तेच सांगता येईल.