परदेशात सिम नवं घ्या, पण नंबर जुनाच जपा!

परदेशात शिकायला निघालं की बॅगेत मेतकूट, भाजणी, छोटा कुकर सगळं आठवणीने भरलं जातं. सिमचं मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ असतं. तिकडचं प्रीपेड सिम घेतलं की भारतातलं सिम पाकिटाच्या कप्प्यात जातं, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

फी भरायला बँकेचं ॲप उघडावं, तर ओटीपी जातो भारतातल्या नंबरवर. बँक खातं, यूपीआय, आधार, डिजिलॉकर... सगळ्यांची किल्ली तोच दहा आकडी नंबर! तो बंद असेल तर खात्यात पैसे असूनही तुम्ही कंगाल.

काही जण सिम घरी आईकडे ठेवून जातात. पण हिवाळ्यात जर्मनीत रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा इथे दीड वाजलेला असतो. काही मिनिटांत बाद होणाऱ्या ओटीपीसाठी आईला किती वेळा उठवणार? शिवाय यूपीआय ॲप सुरू करताना सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, न वापरलेला नंबर कायम आपला राहत नाही. ट्रायच्या नियमांनुसार सलग ९० दिवस वापर नसलेलं प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते. बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये गेलात, तर मे महिन्यात तुमचे ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर!

तिकडचं सिमही लगेच हातात पडेल असं नाही. जर्मनीत २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही. त्या सिमवर युरोपियन युनियनच्या देशांत वेगळे रोमिंग चार्जेस सहसा लागत नाहीत. पण स्वित्झर्लंड आणि ब्रिटन युनियनमध्ये नाहीत. वीकेंडला झुरिक गाठण्याआधी प्लॅन वाचा. दुबईत तर डेटा असूनही व्हॉट्सॲप कॉल लागत नाही.

मग करायचं काय?

• ड्युअल सिम फोन वापरा. भारतातलं सिम ओटीपीसाठी, तिकडचं डेटासाठी. भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंदच ठेवा.

• निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. बहुतेक प्लॅनमध्ये येणारे एसएमएस फुकट असतात, तरी तुमच्या कंपनीला विचारून खात्री करा.

• ई-सिम करायचं असेल तर आठवडाभर आधी करा. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेल्समध्ये सिमचा ट्रेच नाही, हेही लक्षात ठेवा.

• बँकेत परदेशी नंबर नोंदवता येतो का, ते जाण्यापूर्वीच विचारा.

• आणि रिचार्जच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून जा. आईला मध्यरात्री उठवण्यापेक्षा हे काम ती आनंदाने करेल.